एका कमांडने कॉम्प्युटरचा अख्खा 'सातबारा' बदलला तर? फाइलची मालकी, मोडलेला सुडो आणि परतीची वाट

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस अँथ्रोपिक या अमेरिकी एआय कंपनीने 'क्लॉड कोड' हे साधन आणलं. चॅटबॉटसारखं वेगळ्या खिडकीत न बसता ते थेट प्रोग्रामरच्या टर्मिनलमध्ये काम करतं. फाइल वाचतं, कोड लिहितं, कमांडही चालवतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिटहबवर तक्रारी दिसू लागल्या आणि मार्चमध्ये 'टेकक्रंच' या संकेतस्थळाने त्याची बातमी केली. हे साधन रूट किंवा सुपरयुझरच्या अधिकाराने बसवलेलं असेल, तर त्याच्या ऑटो-अपडेटमधल्या सदोष कमांडमुळे सिस्टिमच्या महत्त्वाच्या फोल्डरचे अधिकार बदलत होते आणि काही मशीन चालेनाशी होत होती. एका वापरकर्त्याला आपलं मशीन दुरुस्त करण्यासाठी 'रेस्क्यू इन्स्टन्स', म्हणजे मदतीला दुसरं मशीन, उभं करावं लागलं.

कंपनीने त्या कमांड काढून टाकल्या आणि प्रोग्राममध्ये दुरुस्तीच्या माहितीची लिंक दिली. त्या लिंकमध्येही आधी टायपो होता, तो नंतर सुधारला गेला.

एआयचं नाव जोडलं गेल्यामुळे ही बातमी गाजली. पण मूळ दुखणं युनिक्सइतकंच जुनं आहे. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ही चूक स्वतः केलेली असते किंवा शेजारच्या टेबलावर होताना पाहिलेली असते. यात एकही फाइल डिलीट होत नाही. सगळा डेटा जागच्या जागी असतो. बदलतं ते फक्त फाइलच्या मालकाचं नाव, आणि तेवढ्यावर अख्खी सिस्टिम कोलमडते.

फाइलला मालक असतो म्हणजे काय?

लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक ग्रुप असतो. स्क्रीनवर आपल्याला नाव दिसतं, पण डिस्कवर त्या फाइलच्या नोंदीत निव्वळ क्रमांक लिहिलेला असतो. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा क्रमांक शून्य. उबुंटू बसवताना तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची हे मालक, ग्रुप आणि इतर अशा तीन गटांत ठरतं.

ज्यांचा लिनक्सशी संबंध नाही असं वाटतं, त्यांच्या खिशातही हीच व्यवस्था आहे. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर चालतं आणि फोनमधल्या अ‍ॅपना साधारणपणे स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो. एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी फाइल उघडता येत नाहीत, त्याचा पाया हाच.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर हा फाइलचा सातबारा. जमीन तिथेच, पीक तिथेच, पण उताऱ्यावरचं नाव बदललं की तिथे कोण काय करू शकतो हे सगळं बदलतं. फरक एवढाच की सातबाऱ्याला फेरफाराची साथ असते. गाव नमुना सहामध्ये कुणाचं नाव कधी आणि कशामुळे चढलं याची नोंद सापडते. युनिक्समध्ये मालकीचा असा फेरफार ठेवलाच जात नाही. नवा क्रमांक जुन्या क्रमांकावर लिहिला जातो, जुना पुसला जातो. म्हणून 'अनडू' नावाची गोष्ट इथे नाही. दुरुस्तीची सगळी मेहनत एकाच प्रश्नाभोवती फिरते: आधीचा मालक कोण होता, हे आता कुठून कळणार?

चूक होते कशी?

मालक बदलणारी कमांड म्हणजे 'चेंज ओनर', बोलीत 'चाउन'. तिला कॅपिटल आर हा पर्याय दिला की ती दिलेल्या फोल्डरच्या आत, त्याच्याही आत, असं खोलवर जात प्रत्येक फाइलचा मालक बदलते. सुरुवात बहुतेक वेळा 'परमिशन डिनाइड' या दोन शब्दांनी होते. माणूस वैतागतो, कुठेतरी वाचलेला उपाय आठवतो, सुडो लावून चाउन चालवतो आणि काम पुढे सरकतं. दहापैकी नऊ वेळा काही बिघडत नाही, म्हणून सवय पक्की होते.

दहाव्या वेळी पत्ता चुकलेला असतो. एनपीएम हे जावास्क्रिप्टचं पॅकेज साधन आपला सामान ठेवण्याचा पत्ता सिस्टिमला विचारून ठरवतं. नोड कुठून आणि कसं बसवलंय त्यानुसार तो पत्ता होम फोल्डरमध्ये असू शकतो, 'यूएसआर लोकल'मध्ये असू शकतो, नाहीतर थेट 'यूएसआर'. शेवटच्या ठिकाणी सिस्टिमचे जवळपास सगळे प्रोग्राम राहतात. एनपीएमच्या जुन्या मदतपानावर परवानगीच्या अडचणीवर चाउनचा उपाय दिलेला होता आणि सोबत इशाराही होता की पत्ता नुसता 'यूएसआर' दिसला तर हा उपाय करू नका, परवानग्यांचा गोंधळ होईल. कमांड कॉपी करणारे किती जण त्याखालची ओळ वाचतात, हा वेगळा विषय.

दुसरा सापळा रिकाम्या व्हेरिएबलचा. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं, 'अमुक व्हेरिएबलमधला पत्ता, मग स्लॅश'. व्हेरिएबल काही कारणाने रिकामं निघालं की उरतो फक्त स्लॅश, म्हणजे सिस्टिमचं मूळ. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमिंग सेवेच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये अगदी असाच दोष उघड झाला. तिथे चाउनऐवजी फाइल डिलीट करणारी कमांड होती, त्यामुळे नुकसान आणखी मोठं. त्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच 'हे भीतीदायक आहे' अशा अर्थाची टिप्पणी करून ठेवली होती!

तिसरा सापळा टिंबाचा. नाव टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल युनिक्समध्ये लपलेल्या मानल्या जातात. त्या सगळ्यांचा मालक बदलायचा म्हणून कुणी 'टिंब आणि तारांकन' असं लिहितो. पण दोन टिंबं म्हणजे वरचं फोल्डर, आणि अनेक शेलमध्ये तेही या जाळ्यात सापडत आलं आहे. रूटच्या होम फोल्डरमध्ये उभं राहून हे केलं तर 'वरचं फोल्डर' म्हणजे अख्खी सिस्टिम. बॅश या लोकप्रिय शेलने २०२२ मधल्या ५.२ आवृत्तीत ही वर्तणूक बदलली आणि एक व दोन टिंबांना अशा जुळणीतून वगळलं. जुन्या सर्व्हरवर जुनी बॅश अजून आहेच.

२०१८ मध्ये माणसांनीच घातलेला घोळ

क्लॉड कोडच्या सात वर्षं आधी खुद्द एनपीएमने हाच धडा गिरवला होता. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी एनपीएमची ५.७.० आवृत्ती आली. ती 'नेक्स्ट' या खुणेखालची, म्हणजे अजून पक्की न झालेली होती, तरी एनपीएम अपडेट करणाऱ्या अनेकांच्या मशीनवर ती जाऊन बसली. साध्या वापरकर्त्याने सुडो लावून एनपीएम चालवलं की 'ईटीसी', 'यूएसआर', 'बूट' अशा सिस्टिमच्या फोल्डरची मालकी त्या वापरकर्त्याच्या नावावर होत होती. लिनक्स आणि फ्रीबीएसडीवरून तक्रारी आल्या. प्रत्यक्ष वापरातले सर्व्हर पडले. दुसऱ्याच दिवशी ५.७.१ आली आणि मालकी बदलणारा तो कोड मागे घेतला गेला.

दोष एका दिवसात गेला, पण ज्यांच्या मशीनची मालकी आधीच बदलली होती त्यांना नव्या आवृत्तीचा काहीच उपयोग नव्हता. चूक करणारं सॉफ्टवेअर दुरुस्त करणं आणि चुकीने झालेलं नुकसान दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कंपन्यांच्या निवेदनांत बहुधा पहिल्याचाच उल्लेख असतो.

मालक बदलला तर सुडो का मोडतो?

सुडो ही साध्या वापरकर्त्याला तात्पुरता रूट बनवणारी कमांड. ती हे करू शकते ते 'सेटयूआयडी' नावाच्या एका खुणेमुळे. ही खूण असलेला प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नावाने न चालता फाइलच्या मालकाच्या नावाने चालतो. कल्पना डेनिस रिची यांची. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवणाऱ्यांपैकी ते एक. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये त्यांच्या नावे मंजूर झालं.

सुडोच्या फाइलचा मालक रूट असतो, म्हणून सुडो रूट म्हणून चालतो. मालक बदलून तुम्ही स्वतः झालात तर सुडो तुमच्याच नावाने चालणार, म्हणजे त्याला कसलाच जादा अधिकार उरत नाही. मग तो तक्रार करून थांबतो: माझा मालक क्रमांक शून्य हवा आणि सेटयूआयडीची खूण हवी. सुडोचे नियम 'ईटीसी'मधल्या ज्या फाइलमध्ये असतात तिचा मालक बदलला असेल, तरीही तो काम नाकारतो.

इथेच कोंडी होते. मालकी परत रूटकडे द्यायची तर रूटचा अधिकार हवा, आणि तो देणारं दारच बंद झालेलं असतं. उबुंटूमध्ये रूट खात्याला मुळात पासवर्ड दिलेलाच नसतो, त्यामुळे थेट रूट म्हणून लॉगिन करायचीही सोय नाही.

यात आणखी एक मेख आहे, आणि पहिल्यांदा दुरुस्ती करणारे हमखास तिथेच अडकतात. एक्झिक्युटेबल फाइलचा मालक बदलला की लिनक्स कर्नल तिची सेटयूआयडी खूण स्वतःहून पुसून टाकतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, नाहीतर नव्या मालकाच्या नावाने कुणालाही काहीही चालवता आलं असतं. पण त्याचा अर्थ असा की सुडोचा मालक पुन्हा रूट केला तरी सुडो चालू होत नाही. ती खूण वेगळ्या कमांडने, परवानगीचा आकडा ४७५५ देऊन, पुन्हा लावावी लागते. पासवर्ड बदलणारी 'पासडब्ल्यूडी', वापरकर्ता बदलणारी 'एसयू' यांचंही तेच. काही प्रोग्रामना सेटयूआयडीऐवजी 'केपेबिलिटी' नावाचे मोजके अधिकार दिलेले असतात, अनेक सिस्टिमवर 'पिंग'ला असतात तसे. मालक बदलताना तेही उडून जातात.

पहिल्या पाच मिनिटांत

कमांड अजून चालू असेल तर कंट्रोल-सी दाबून ती थांबवायची, हे उघड आहे. चाउन एकेक फोल्डर घेत जाते, त्यामुळे काही सेकंद आधी थांबवल्याने काही लाख फाइल वाचू शकतात.

त्यानंतरची गोष्ट मात्र अनेकांच्या स्वभावाविरुद्ध जाते: काहीही बंद करायचं नाही. रूट म्हणून उघडलेली टर्मिनलची खिडकी असेल तर ती या क्षणी मशीनमधली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. आधीच चालू असलेला रूटचा शेल मालकी बदलल्याने रूटपणा गमावत नाही. बिघाड दिसला की रीस्टार्ट मारायचा, ही सवय इथे अंगाशी येते. चालू असलेल्या सेवा आधी उघडलेल्या फाइलवर काही काळ तग धरून राहतात. रीस्टार्ट झाला की प्रत्येक सेवा नव्याने फाइल उघडायला जाते आणि तिला नकार मिळतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर सुरू होतानाच आपल्या डेटा फोल्डरचा मालक तपासतो आणि तो वेगळा निघाला तर उठतच नाही. दूरच्या सर्व्हरवर एसएसएच लॉगिनही जाऊ शकतं. होम फोल्डरचा मालक ना तुम्ही ना रूट, असं दिसलं की एसएसएच की स्वीकारत नाही.

रूटची खिडकी उघडी नसेल तर? मशीन समोर असेल तर बूट मेन्यूतला रिकव्हरी मोड किंवा पेनड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स. तिथे तुम्ही बाहेरून आलेले रूट असता, आतल्या मोडक्या सुडोची गरज पडत नाही. क्लाउडवर असेल तर बिघडलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडायची आणि तिथून दुरुस्त करायची. क्लॉड कोडच्या प्रकरणातला 'रेस्क्यू इन्स्टन्स' तो हाच. आणखी एक आडवाट आहे. वापरकर्ता डॉकरच्या ग्रुपमध्ये असेल आणि डॉकर अजून चालू असेल, तर कंटेनरच्या आतून मूळ डिस्कला रूट म्हणून हात लावता येतो. एरवी सुरक्षेच्या ऑडिटमध्ये याच गोष्टीवर लाल शेरा पडतो.

सगळं रूटच्या नावावर केलं की झालं?

नाही. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी नेमकं हेच करतो, आणि त्याने एका चुकीच्या दोन होतात.

नुसतं 'यूएसआर' बिघडलं असेल तर गोष्ट बरीच सोपी आहे. तिथल्या जवळपास सगळ्या फाइल रूटच्याच असतात. त्या रूटला परत दिल्या, मग सेटयूआयडीच्या खुणा लावल्या, ग्रुपचे मोजके अपवाद पाहिले, की मशीन बहुधा उभं राहतं. 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस', 'रन' यांची चिंताच नको, कारण ते डिस्कवर नसतातच. दर बूटला मेमरीत नव्याने तयार होतात.

खरी कसोटी 'व्हार'मध्ये. तिथे मायएसक्यूएलच्या फाइल मायएसक्यूएलच्या, पोस्टग्रेसच्या पोस्टग्रेसच्या, वेबसाइटवर अपलोड झालेले फोटो वेब सर्व्हरच्या नावावर. ईमेल पोचवणाऱ्या पोस्टफिक्सच्या रांगेत तर काही फोल्डर रूटची आणि काही पोस्टफिक्सची. हे सगळं सरसकट रूटचं केलं की मशीन बूट होतं, लॉगिनही होतं, आणि एकही सेवा चालत नाही. शिवाय आधीच्या चुकीत जे धागेदोरे उरले होते तेही या दुसऱ्या कमांडने पुसले गेलेले असतात.

कारण धागेदोरे असतात. चाउनच्या कमांडमध्ये कोलन देऊन ग्रुपही बदलला होता की फक्त मालक, हे आधी पाहायचं. फक्त मालक बदलला असेल तर ग्रुप शाबूत असतो, आणि लिनक्सवर बहुतेक सेवांच्या व वापरकर्त्यांच्या ग्रुपचं नाव त्यांच्या स्वतःच्याच नावासारखं असतं. ज्या फाइलचा ग्रुप 'मायएसक्यूएल' आहे तिचा जुना मालक कोण असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. होम फोल्डरचं नावच मालकाचं नाव असतं. वापरकर्त्यांच्या क्रॉनच्या फाइलचंही तसंच. आणि मालक बदलला की फाइलच्या नोंदीतला 'सीटाइम' बदलतो, त्यामुळे गेल्या अर्ध्या तासात कोणत्या फाइलना हात लागला याची यादी 'फाइंड' कमांडने काढता येते. जुना मालक त्यात नसतो, पण नुकसान कुठून कुठपर्यंत पसरलंय हे कळतं. ही यादी कशालाही हात लावण्याआधी काढायची.

रेड हॅटवाले सुटतात, डेबियनवाल्यांची दमछाक

सॉफ्टवेअर पॅकेजमधून बसवलेलं असेल तर मूळ मालकी कुठेतरी लिहिलेली असते. कुठे, यावर दुरुस्तीला एक तास लागणार की एक दिवस हे ठरतं.

रेड हॅट, फेडोरा, सुसे या सिस्टिम आरपीएम वापरतात. आरपीएमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक फाइलचा मालक, ग्रुप आणि परवानगी नोंदलेली असते. 'सगळं तपासा' असा आदेश दिला की कोणत्या फाइलचं काय बदललंय ते अक्षरांच्या खुणांनी दिसतं. मग 'सेटयूजीआयडीज' या पर्यायाने मालकी परत येते आणि 'सेटपर्म्स'ने परवानग्या. क्रम हाच हवा. आधी परवानग्या आणि मग मालकी असं केलं तर मालकी बदलताना कर्नल सेटयूआयडीच्या खुणा पुन्हा पुसतो आणि सुडो पुन्हा मोडतो. नव्या आरपीएममध्ये 'रिस्टोर' हा एकच पर्याय केपेबिलिटीसह सगळं परत आणतो.

डेबियन आणि उबुंटूची पॅकेज व्यवस्था मशीनवर फाइलची यादी आणि मजकुराचे चेकसम ठेवते, मालकी ठेवत नाही. मालकी मूळ पॅकेज फाइलच्या आत असते. म्हणजे पॅकेज पुन्हा डाउनलोड करून पुन्हा बसवणं आलं, एकेक करून किंवा सगळीच. घरगुती लॅपटॉपवर लिनक्स म्हटलं की अनेकांसाठी उबुंटूच, त्यामुळे नवख्यांना नेमकी अवघड वाट मिळते. त्यांच्यासाठी एक चांगला पर्याय म्हणजे त्याच आवृत्तीचं दुसरं धडधाकट मशीन शोधणं, तिथल्या फाइलचे मालक आणि परवानग्यांची यादी करणं आणि ती इथे लावणं. यादी नावांची करायची, क्रमांकांची नाही. रूट सगळीकडे शून्य असतो, पण मायएसक्यूएलला एका मशीनवर एक क्रमांक मिळालेला असतो आणि दुसऱ्यावर दुसरा.

पोस्टफिक्ससारखी काही सॉफ्टवेअर आपल्या परवानग्या नीट लावणारी कमांड सोबतच देतात. हे शहाणपण आणखी काहींनी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

उरतं ते पॅकेजला माहीत नसलेलं. कंपनीचा स्वतःचा कोड, ग्राहकांनी अपलोड केलेली कागदपत्रं, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी हाताने बनवलेलं फोल्डर, ज्याचा मालक तसा का ठेवला होता हे माहीत असलेला माणूस आता दुसऱ्या कंपनीत आहे. यासाठी बॅकअपशिवाय खात्रीचा मार्ग नाही. आणि बॅकअप आहे म्हणून सुटलो असंही नाही. पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये युनिक्सचा मालक लिहायला जागाच नसते. साध्या वापरकर्त्याने काढलेली कॉपी त्याच्याच नावावर येते. अशा बॅकअपमधून मजकूर परत मिळतो, मालकी मिळत नाही, आणि हे बहुतेकांना गरज पडते त्या दिवशीच कळतं.

उलट, फाइलचा मजकूर न साठवता फक्त मालकी आणि परवानग्या साठवणं अगदी स्वस्त आहे. 'गेटएफएसीएल' ही कमांड अख्ख्या सिस्टिमचे मालक, ग्रुप आणि परवानग्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवते आणि 'सेटएफएसीएल' रूट म्हणून चालवली तर त्या परत लावते. रात्री एकदा क्रॉनमधून चालवायची आणि फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवायची. युनिक्सने न दिलेला फेरफार हा असा स्वतः ठेवता येतो. 'ईटीसी' फोल्डरपुरतं हेच काम 'ईटीसीकीपर' करतं. ज्यांची डिस्क झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर आहे आणि स्नॅपशॉट चालू आहेत, त्यांना मागे जाण्याची वाट तयारच असते.

मॅकवर हे का ऐकू येत नाही?

जुन्या मॅक वापरकर्त्यांना 'रिपेअर परमिशन्स' हे बटण आठवत असेल. मॅक जरा अडखळला की आधी तेच दाबायचा सल्ला मिळायचा. २०१५ मध्ये अ‍ॅपलने एल कॅपिटानमध्ये सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आणलं, सिस्टिमच्या फाइलना रूटलाही हात लावता येईनासा झाला आणि बटणाची गरज संपली. २०१९ च्या कॅटालिनापासून सिस्टिम वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या विभागात गेली. अँड्रॉइड आणि क्रोमओएसमध्येही सिस्टिमचा भाग असाच कुलूपबंद असतो. लिनक्समध्ये फेडोरा सिल्व्हरब्लूसारखे प्रयोग त्याच दिशेने चालले आहेत. अशा सिस्टिमवर चुकीची चाउन 'यूएसआर'ला धडकून परत येते. पण आपला डेटा, डेटाबेस, वेबसाइट हे कुलपाच्या बाहेरच राहतं, कारण ते रोज बदलायचं असतं.

एआयच्या हाती सुडो

आता पुन्हा २०२५ कडे. जुलैमध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. काहीही बदलू नकोस अशी स्पष्ट सूचना त्याला आधी दिलेली होती. डेटा परत आणता येणार नाही, असंही एजंटनेच सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. रेप्लिटचे सीईओ अमजद मसाद यांनी जाहीरपणे चूक मान्य केली.

त्या घटनेत डेटा गेला होता, म्हणून नुकसान लगेच दिसलं. मालकी बदलण्याचा धोका जास्त मुकाट आहे. 'परमिशन डिनाइड'वर सुडो चाउन हा उपाय इंटरनेटवर वर्षानुवर्षं सांगितला गेला आहे आणि भाषेची मॉडेल इंटरनेटवरच्या मजकुरावर शिकतात. माणूस निदान कमांड टाइप करताना एकदा अडखळतो. परवानगी न विचारता चालण्याची मुभा दिलेला एजंट अडखळत नाही, आणि कमांड यशस्वी झाल्याचा संदेश पाहून पुढच्या कामाला लागतो. बिघाड कळतो तो पुढच्या वेळी सुडो लागेल तेव्हा किंवा सर्व्हर रीस्टार्ट होईल तेव्हा. क्लॉड कोडच्या माहितीपत्रकात सुडो लावून इन्स्टॉल करू नका अशी सूचना आली. ती योग्यच आहे. पण मूळ साधनाने सुडोची गरजच पडू देऊ नये, पॅकेज वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्येच बसावं, ही मागणी २०१८ मध्येही तितकीच रास्त होती.

सेटयूआयडीलाच रजा देण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. जून २०२४ मध्ये आलेल्या सिस्टिमडीच्या २५६ व्या आवृत्तीत 'रन झिरो' ही सुडोला पर्याय ठरणारी कमांड आली. तिला सेटयूआयडीची खूण लागत नाही. ती रूटचं काम स्वतः करत नाही, आधीपासून रूट म्हणून चालू असलेल्या सिस्टिमडीला करायला सांगते. तरी ओळख पटवण्यासाठी ती ज्या पोलकिटवर अवलंबून आहे, त्याचा पासवर्ड तपासणारा छोटा प्रोग्राम वर्षानुवर्षं सेटयूआयडीच राहिला आहे, तोही 'यूएसआर'मध्येच. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये सुडोची जागा रस्ट भाषेत लिहिलेल्या 'सुडो-आरएस'ने घेतली. मेमरी हाताळण्यातले दोष त्याने कमी होतील, पण सेटयूआयडीची खूण त्यालाही लागतेच.

आणि चाउन? फाइल डिलीट करणाऱ्या 'आरएम' कमांडला ग्नूने कधीच लगाम घातला आहे, नुसत्या स्लॅशवर ती चालवायला गेलं तर ती आधी नकार देते. चाउनलाही 'प्रिझर्व्ह रूट' हा तोच लगाम उपलब्ध आहे, पण तो मुळात बंद असतो आणि दर वेळी हाताने लावावा लागतो. लावला तरी तो फक्त स्लॅशपुरता. पत्ता 'यूएसआर' असेल तर चाउन काही न विचारता कामाला लागते.